कूपन, कात्री आणि स्त्रीश्रम : ब्रिटनमधील वस्त्रनियंत्रण व घरगुती शिवणकाम (१९४१-१९४९)

प्रस्तावना

वस्त्राचा इतिहास सामान्यतः दोन टोकांकडून लिहिला जातो. एका टोकाला कापूस, गिरण्या, आयात-निर्यात आणि कामगार चळवळ असते. दुसऱ्या टोकाला राजघराणी, उच्चभ्रू वर्ग आणि नामवंत वेशरचनाकार असतात. या दोहोंच्या मध्ये घरातील शिवणाची पेटी असते. तिची नोंद कारखान्याच्या हिशेबवहीत होत नाही आणि फॅशनच्या इतिहासातही तिला क्वचितच जागा मिळते. वस्तुतः विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत युरोपातील असंख्य कुटुंबांच्या अंगावरील कपड्यांचे आयुष्य याच पेटीवर अवलंबून होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये ही पेटी प्रथमच शासकीय धोरणाचा विषय बनली. १ जून १९४१ ते १५ मार्च १९४९ या सुमारे पावणेआठ वर्षांत तेथे कपड्यांवर नियंत्रण होते. या काळातील शिवणकाम, विणकाम आणि क्रोशाचे नमुने यांविषयी अलीकडे मोठे कुतूहल निर्माण झाले आहे. जुन्या नमुन्यांवरून घरी कपडे शिवणारा एक हौशी वर्ग अनेक देशांत आहे. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने २०१५ मध्ये याच विषयावर ‘फॅशन ऑन द रॅशन’ हे प्रदर्शन भरविले होते. या कुतूहलात काटकसरीचे कौतुक आहे, तसेच सौंदर्यदृष्टीचाही गौरव आहे. मात्र ती काटकसर कोणाच्या श्रमावर उभी होती, हा प्रश्न त्यात मागे पडतो. प्रस्तुत निबंधात याच प्रश्नाचा विचार केला आहे. वस्त्रनियंत्रणाच्या धोरणाने कापडाचा वार आणि लोकरीचा औंस काटेकोरपणे मोजला. परंतु त्याची बचत ज्या वेळेतून झाली तो स्त्रियांचा वेळ मोजणारे कूपन कधीच छापले गेले नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे.

वस्त्रनियंत्रणाची पार्श्वभूमी

युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटनसमोर तीन अडचणी एकाच वेळी उभ्या राहिल्या. कापूस आणि लोकर यांचा मोठा हिस्सा समुद्रमार्गे येत असे आणि जहाजांतील जागा अन्न व युद्धसामग्रीसाठी राखणे आवश्यक होते. सैन्याच्या गणवेशांसाठी कापडाची प्रचंड मागणी होती. शिवाय वस्त्रोद्योगातील कामगार आणि कारखान्यांच्या इमारती शस्त्रनिर्मितीसाठी हव्या होत्या. परिणामी नागरिकांसाठी उपलब्ध कापड झपाट्याने कमी झाले आणि किमती वाढू लागल्या. ऑक्टोबर १९४० मध्ये लागू झालेल्या खरेदीकराने या महागाईत भर घातली.

या पार्श्वभूमीवर बोर्ड ऑफ ट्रेड या खात्याचे तत्कालीन अध्यक्ष ऑलिव्हर लिटल्टन यांनी १ जून १९४१ रोजी वस्त्रनियंत्रणाची घोषणा केली. तो रविवार होता. दुकाने बंद असल्यामुळे साठेबाजीला वाव मिळाला नाही. बातमी फुटू नये म्हणून स्वतंत्र कूपनपुस्तिकाही आधी वाटल्या गेल्या नव्हत्या. नागरिकांजवळ असलेल्या अन्नाच्या शिधापुस्तिकेतील मार्गारीनची न वापरलेली कूपनेच प्रारंभी कपड्यांसाठी ग्राह्य धरण्यात आली.

पहिल्या वर्षासाठी प्रत्येक प्रौढ व्यक्तीला ६६ कूपने मिळाली. पुढे हे प्रमाण घटत गेले. १९४२ मध्ये ते ४८ पर्यंत आणि १९४३ मध्ये ३६ पर्यंत खाली आले. युद्ध संपल्यानंतरही परिस्थिती सुधारली नाही. १ सप्टेंबर १९४५ ते ३० एप्रिल १९४६ या आठ महिन्यांसाठी केवळ २४ कूपने, म्हणजे महिन्याला तीन, देण्यात आली. गर्भवती स्त्रिया, अंगमेहनतीचे काम करणारे कामगार आणि बॉम्बहल्ल्यात घर गमावलेले लोक यांना जादा कूपने मिळत असत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. कूपन हे पैशाला पर्याय नव्हते. कपड्याची किंमत रोख द्यावीच लागे. कूपन हा केवळ खरेदीचा परवाना होता. या साध्या वस्तुस्थितीचे सामाजिक परिणाम पुढे विचारात घेतले आहेत.

कूपनांचे गणित आणि घरची शिवण

घरगुती शिवणकामाला या व्यवस्थेत नेमके कोणते स्थान मिळाले, हे समजण्यासाठी कूपनांचे दर पाहणे उपयुक्त ठरते. १९४१ च्या तक्त्यानुसार स्त्रियांच्या लोकरी पोशाखाला ११ कूपने, सुती किंवा रेयॉनच्या पोशाखाला ७, ब्लाऊज वा जंपरला ५ आणि पायमोज्यांच्या जोडीला २ कूपने लागत. छत्तीस इंच पन्ह्याच्या लोकरी कापडाला वारी ३ आणि सुती कापडाला वारी २ कूपने होती.

म्हणजे तीन वार लोकरी कापड आणून घरी पोशाख शिवला तर ९ कूपने खर्च होत. तयार पोशाखाच्या तुलनेत २ कूपने वाचत. सुती पोशाखात ही बचत अवघ्या एका कूपनाची होती. त्यासाठी बेतणे, कापणे, टीप घालणे, काज करणे आणि हाताने दुमड शिवणे हे सारे काम घरी करावे लागे. नवे कापड आणून शिवण्यात कूपनांची फारशी बचत नव्हती, असा याचा अर्थ होतो. खरी बचत जुन्यातून नवे करण्यात होती. नवऱ्याच्या न वापरल्या जाणाऱ्या कोटातून स्वतःसाठी जाकीट किंवा मुलासाठी अर्धी विजार निघाली, तर एकही कूपन लागत नसे. परंतु हे काम नव्या कापडाच्या शिवणीपेक्षा कितीतरी कष्टाचे असते. आधी प्रत्येक शिवण उसवावी लागते, अस्तर वेगळे करावे लागते, तुकडे धुऊन इस्त्री करावे लागतात, झिजलेले भाग टाळून बेत बसवावा लागतो आणि बहुधा कापड उलटे करून वापरावे लागते. कूपनांची बचत आणि श्रमाचा व्यय यांचे प्रमाण असे एकमेकांशी थेट निगडित होते.

नियंत्रणातून वगळलेल्या वस्तूंची यादीही बोलकी आहे. टोप्या, शिवणाचा दोरा, रफूची लोकर आणि रेशीम, तीन इंचांपेक्षा अरुंद फिती, लेस, नाडी, इलॅस्टिक आणि दिवाबंदीसाठी लागणारे काळे कापड यांना सुरुवातीला कूपन लागत नव्हते. दुरुस्तीची साधने मुक्त आणि नवे वस्त्र नियंत्रित, या रचनेतूनच शासनाची अपेक्षा स्पष्ट होते. प्रत्यक्षात यांतील अनेक वस्तू कूपनमुक्त असूनही मिळेनाशा झाल्या. १९४२ मध्ये मलाया जपानच्या ताब्यात गेल्यावर रबराचा पुरवठा तुटला आणि इलॅस्टिक दुर्मिळ झाले. अंतर्वस्त्रांना पुन्हा बटणे लागली. धातूच्या टंचाईमुळे साखळ्या, आकडे आणि सुयाही सहज मिळत नव्हत्या. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील सिंगर कंपनीचा अवाढव्य शिवणयंत्र कारखाना युद्धसामग्रीच्या उत्पादनाकडे वळला होता आणि मार्च १९४१ च्या हवाई हल्ल्यांत त्याचे मोठे नुकसान झाले. त्यामुळे घरात आईकडून वा आजीकडून आलेले जुने यंत्र असेल तर ते, नाहीतर हातशिलाई, हाच मार्ग उरला.

‘मेक डू अँड मेंड’ : शासकीय शिकवण

फेब्रुवारी १९४२ मध्ये ह्यू डाल्टन बोर्ड ऑफ ट्रेडचे अध्यक्ष झाले. त्यांच्या कारकिर्दीत ‘मेक डू अँड मेंड’, म्हणजे आहे त्यात भागवा आणि दुरुस्त करा, ही मोहीम देशभर राबविण्यात आली. १९४३ मध्ये याच नावाची पुस्तिका प्रसिद्ध झाली. तिची प्रस्तावना डाल्टन यांची होती. कसर लागू नये म्हणून लोकरी कपडे कसे ठेवावेत, ठिगळ कसे लावावे, रफू कसे करावे, झिजलेली कॉलर कशी उलटावी, दोन जुन्या पोशाखांतून एक नवा कसा बेतावा, जुने स्वेटर उसवून लोकर पुन्हा कशी वापरावी, यांचे पद्धतशीर मार्गदर्शन तीत होते. ‘मिसेस सो-अँड-सो’ ही बाहुलीसारखी काल्पनिक गृहिणी जाहिरातींमधून सल्ला देऊ लागली. सायंवर्ग, महिला मंडळे आणि विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिसेस या १९३८ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेमार्फत शिकवणीचे वर्ग आणि मुलांच्या कपड्यांची अदलाबदल केंद्रे चालविली गेली.

पुस्तिकेतील कौशल्ये नवी नव्हती. इंग्लंडमध्ये १८६२ च्या शिक्षणसंहितेपासून अनुदानित प्राथमिक शाळांतील मुलींना शिवणकाम शिकविणे बंधनकारक होते. त्यामुळे कामगारवस्तीतील स्त्रियांच्या कित्येक पिढ्या ठिगळ आणि रफू शाळेतच शिकल्या होत्या. पुस्तिकेने केले ते असे की, आजवर गरिबीची खूण मानल्या गेलेल्या कामाला देशकार्याची प्रतिष्ठा दिली. कोपरावरील ठिगळ आता लपविण्याची गोष्ट राहिली नाही. हा बदल क्षुल्लक नव्हता. तथापि त्याचा लाभ प्रामुख्याने त्यांना झाला, ज्यांना पूर्वी ठिगळ लावावे लागत नव्हते. ज्यांच्या कपड्यांना ठिगळे कायमचीच होती, त्यांच्या दृष्टीने ही पुस्तिका त्यांच्याच आयांचे ज्ञान सरकारी शिक्क्यासह परत देत होती.

पुस्तिकांतील सल्ल्यांपैकी एक सल्ला मराठी वाचकाला विशेष ओळखीचा वाटेल. पलंगाची चादर मध्यभागी विरली की ती उभी मधोमध कापून बाहेरच्या दोन्ही धडक्या कडा मध्यभागी आणून जोडाव्यात आणि विरलेला भाग कडेला न्यावा, अशी ती युक्ती आहे. विरलेला भाग काढून लुगड्याला किंवा धोतराला दंड घालण्याची पद्धत महाराष्ट्रातील घराघरांत होती. दोन्हींमागील विचार एकच आहे. तो कोणत्याही एका देशाचा शोध नसून टंचाईत संसार करणाऱ्या स्त्रियांनी ठिकठिकाणी स्वतंत्रपणे काढलेले उत्तर आहे.

लोकर, सुया आणि क्रोशा

शिवणकामाइतकेच महत्त्व विणकामाला होते. लोकरीच्या दोन औंसांना एक कूपन लागत असे. आठ औंसांत बसणारा जंपर घरी विणला तर ४ कूपने लागत, तयार घेतला तर ५. येथेही बचत एकाच कूपनाची होती. परंतु जुना स्वेटर उसवून विणला तर पाचही कूपने वाचत. उसवलेल्या लोकरीला पडलेल्या मोडी काढण्यासाठी तिच्या लडी करून धुवाव्या लागत, वाळवाव्या लागत आणि मगच पुन्हा गुंडे करता येत.

या काळातील विणकामाची शैली टंचाईतूनच घडली. बारीक लोकर, आखूड बाह्या, कमरेशी संपणारी लांबी, अंगाबरोबर बसणारा घाट ही आज ‘चाळीसच्या दशकाची शैली’ म्हणून ओळखली जाणारी लक्षणे लोकर वाचविण्याशी जुळणारी होती. अनेक रंगांच्या आडव्या पट्ट्यांच्या फेअर आयल पद्धतीला मिळालेल्या पसंतीमागेही हाच व्यवहार होता. उरल्यासुरल्या लोकरीचे लहान गुंडे तीत सामावून जात. क्रोशाच्या आकडीवर विणलेली केस बांधण्याची जाळी, म्हणजे स्नूड, याच काळात लोकप्रिय झाली. थोड्या दोऱ्यात ती होत असे आणि कारखान्यात यंत्रावर काम करणाऱ्या स्त्रीचे लांब केस यंत्रात अडकण्याचा धोकाही तिने टळत असे. सौंदर्य आणि उपयुक्तता यांचा असा मेळ या काळातील घरगुती हस्तकलेत वारंवार दिसतो.

नमुन्यांच्या प्रसाराचे मुख्य साधन महिलांची साप्ताहिके होती. ‘वुमन्स वीकली’ १९११ पासून, ‘वुमन्स ओन’ १९३२ पासून आणि ‘वुमन’ १९३७ पासून प्रसिद्ध होत होते. कागदावरही नियंत्रण आल्याने त्यांची पाने कमी झाली. तरीही शिवण-विणकामाची सदरे त्यांतून हद्दपार झाली नाहीत, ही बाब त्या सदरांची गरज दर्शविते.

युटिलिटी वस्त्रे आणि साधेपणाचे नियम

शासनाने केवळ खरेदीवर नव्हे, तर उत्पादनावरही बंधने घातली. ‘युटिलिटी’ योजनेखाली ठराविक दर्जाचे कापड आणि नियंत्रित किंमत निश्चित झाली. रेजिनाल्ड शिप यांनी तयार केलेली ‘सीसी ४१’ ही खूण या कपड्यांवर असे. १९४२ मध्ये नॉर्मन हार्टनेल, हार्डी एमीस, डिग्बी मॉर्टन, व्हिक्टर स्टीबल आदी नामवंत वेशरचनाकारांच्या संस्थेकडून या योजनेसाठी नमुने करून घेण्यात आले. याच वर्षी साधेपणाचे नियमही लागू झाले. चुण्या, बटणे आणि खिसे यांची संख्या मर्यादित झाली. पुरुषांच्या विजारीच्या पायांशी दुमड ठेवण्यास मनाई झाली. ही मनाई विशेष अप्रिय ठरली आणि पुरुषांच्या कपड्यांवरील बंधने १९४४ मध्ये शिथिल करण्यात आली.

कारखान्यातील कपड्यांवर शोभेच्या कामाला बंदी असताना घरी मात्र साध्या पोशाखावर भरतकाम करणे, क्रोशाची कॉलर लावणे किंवा जुन्या कपड्याची लेस नव्याला जोडणे शक्य होते. त्यामुळे सर्वांच्या अंगावर एकसारखे साधे कपडे असताना वेगळेपण दाखविण्याचे काम घरातील सुईकडे आले. ही स्त्रियांना मिळालेली निर्मितीची संधी होती, हे नाकारण्याचे कारण नाही. श्रमाचा भार आणि निर्मितीचे समाधान या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

वेळेचा प्रश्न

धोरणातील मुख्य विसंगती वेळेच्या संदर्भात आढळते. डिसेंबर १९४१ मध्ये संमत झालेल्या राष्ट्रीय सेवा कायद्याने वीस ते तीस वयोगटातील अविवाहित स्त्रियांना सक्तीची सेवा लागू केली. पुढे विवाहित स्त्रियाही मोठ्या संख्येने पूर्णवेळ वा अर्धवेळ कामावर आल्या. दिवसभर कारखाना, त्यानंतर अन्नासाठीच्या रांगा, दिवाबंदीतील स्वयंपाक आणि अनेकदा रात्रीच्या हवाई हल्ल्यांतील जागरण, असा हा दिनक्रम होता. शासनाचा एक विभाग याच स्त्रीला कारखान्यात बोलावत होता आणि दुसरा विभाग तिने संध्याकाळी बसून नवऱ्याचा कोट उसवावा अशी अपेक्षा करीत होता. वस्त्रोद्योगातून काढून घेतलेला कामगार शस्त्रनिर्मितीकडे गेला, परंतु त्याचे काम नाहीसे झाले नाही. त्यातील मोठा भाग घरात, बिनवेतन, स्त्रीच्या हाती आला. अर्थशास्त्रीय भाषेत ही बचत नव्हती; ते श्रमाचे स्थलांतर होते.

या स्थलांतराचे पुरावे सरकारी आकडेवारीत सापडत नाहीत. ते शोधण्यासाठी खासगी लेखनाकडे वळावे लागते. १९३७ मध्ये स्थापन झालेल्या ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या सामाजिक संशोधन संस्थेसाठी सामान्य नागरिकांनी लिहिलेल्या दैनंदिन्या या दृष्टीने मोलाच्या आहेत. बॅरो-इन-फर्नेस या जहाजबांधणीच्या गावातील गृहिणी नेला लास्ट यांनी १९३९ पासून अनेक वर्षे अशी दैनंदिनी लिहिली आणि ती १९८१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. स्वयंसेवी केंद्रातील काम, घरातील काम आणि चिंध्यांतून रुग्णालयातील मुलांसाठी बाहुल्या शिवणे हे सारे त्यांच्या दिवसात एकमेकांत गुंतलेले होते. घराबाहेरच्या कामाने त्यांना मिळालेला आत्मविश्वासही या लेखनात दिसतो. शिवणाऱ्या स्त्रीला केवळ धोरणाची बळी मानणे म्हणूनच अपुरे ठरते. तिने त्या कामात स्वतःचा अर्थ शोधला. परंतु त्या अर्थामुळे तासांचा हिशेब रद्द होत नाही.

समान कूपने, असमान कपाटे

नियंत्रणाची व्यवस्था ‘सर्वांना सारखा वाटा’ या तत्त्वावर उभी होती. अन्नाच्या बाबतीत हे तत्त्व बऱ्याच अंशी यशस्वी झाले. कपडे मात्र खाऊन संपत नाहीत, ते साठतात. १ जून १९४१ रोजी ज्यांची कपाटे भरलेली होती त्यांच्याकडे उसवायला, उलटवायला आणि बेतायला उत्तम प्रतीचे कापड होते. जाड लोकरीचा कोट वीस वर्षांनंतरही पुन्हा बेतता येतो. हलक्या प्रतीचे स्वस्त कापड एकदा विरले की त्यावर ठिगळही टिकत नाही. महाग आणि टिकाऊ कोटाला जितकी कूपने लागत तितकीच स्वस्त आणि लवकर फाटणाऱ्या कोटालाही लागत. त्यामुळे गरीब कुटुंबाचे प्रत्येक कूपन कमी दिवस पुरत असे. रोख पैशाअभावी काही लोक आपली कूपने बेकायदेशीरपणे विकतही असत. जुने कपडे कूपनमुक्त असल्याने आजवर जुन्या बाजाराकडे न फिरकणारा वर्गही तिकडे वळला आणि गरिबांच्या खरेदीत नवा स्पर्धक आला. युटिलिटी योजनेने स्वस्त कपड्याचा दर्जा सुधारला, हे तिचे मोठे यश होय. परंतु आधीची विषमता ती पुसू शकली नाही.

या असमानतेचे एक टोक पॅराशूटच्या रेशमात दिसते. हे कापड अंतर्वस्त्रे आणि लग्नाचे पोशाख यांसाठी अत्यंत हवेसे होते. युद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, पॅराशूटचे त्रिकोणी पट्टे कूपनांशिवाय विक्रीस आले आणि सामान्य स्त्रियांनी ते मोठ्या कौशल्याने जोडले. त्याआधी मात्र असे कापड ओळखी असणाऱ्यांनाच सुलभ होते. भारताचे अखेरचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांच्या कन्या पॅट्रिशिया यांच्यासाठी वैमानिकांच्या रेशमी नकाशापासून शिवलेली अंतर्वस्त्रे २०१५ च्या उपरोक्त प्रदर्शनात मांडली होती. ती वस्तू टंचाईतील कल्पकतेचा नमुना आहे, यात शंका नाही. पण ती टंचाईच्या सामान्य अनुभवाची प्रतिनिधी नाही.

साम्राज्याचे दुसरे टोक

ब्रिटनमधील वस्त्रनियंत्रणाचा विचार करताना साम्राज्याचा संदर्भ टाळता येत नाही. याच युद्धासाठी भारतातील गिरण्याही सैन्याला मोठ्या प्रमाणावर कापड पुरवीत होत्या आणि येथील नागरिकांसाठी कापड दुर्मिळ व महाग झाले होते. जून १९४३ मध्ये भारत सरकारने सुती कापड व सूत नियंत्रण आदेश काढला आणि याच वर्षी मुंबईत वस्त्र आयुक्तांचे कार्यालय अस्तित्वात आले. गरिबांसाठी ‘स्टँडर्ड क्लॉथ’ या नावाने स्वस्त कापडाची योजनाही राबविण्यात आली. तरीही टंचाई हटली नाही. १९४३ च्या भीषण दुष्काळानंतर बंगालमध्ये अंगावर नेसायला वस्त्र नसल्यामुळे स्त्रियांना घराबाहेर पडता येत नसल्याच्या नोंदी आढळतात.

ही तुलना दोन देशांच्या दुःखांची मोजदाद करण्यासाठी केलेली नाही. ब्रिटनमध्ये ‘आहे त्यात भागवा’ असे सांगताना काहीतरी ‘आहे’ हे शासनाने गृहीत धरले होते आणि ते बहुतांशी खरे होते. त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला अनेकांकडे उसवण्याजोगेही काही उरले नव्हते. घरगुती कौशल्य टंचाईची धार बोथट करू शकते. कापडाचा तुकडाच नसेल तर मात्र कोणतीही सुई उपयोगी पडत नाही.

१९४७ : आखूड झग्याचा नकार

१२ फेब्रुवारी १९४७ रोजी ख्रिस्तियन डिऑर यांनी पॅरिसमध्ये आपला पहिला संग्रह सादर केला. पोटरीपर्यंत पोहोचणारे, भरपूर घेराचे हे झगे ‘न्यू लूक’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्यांना कित्येक वार कापड लागत असे. त्या वेळी बोर्ड ऑफ ट्रेडचे अध्यक्ष होते सर स्टॅफर्ड क्रिप्स, १९४२ च्या क्रिप्स योजनेमुळे भारतीयांना परिचित असलेले. लांब झग्यांमुळे कापडाची उधळपट्टी होईल, म्हणून ब्रिटिश वेशरचनाकारांनी आखूड झगेच कायम ठेवावेत, असा त्यांचा आग्रह होता. मेबल रिडेल या मजूर पक्षाच्या महिला खासदारांनीही नव्या शैलीवर टीका केली.

स्त्रियांनी हा उपदेश मानला नाही. कूपने अपुरी असल्याने त्यांनी युद्धकाळात शिकलेलेच तंत्र वापरले. जुन्या झग्याच्या खालच्या कडेला वेगळ्या कापडाची पट्टी जोडून लांबी वाढविली. कापड वाचविण्यासाठी शिकविलेले कौशल्य कापड ‘उधळणाऱ्या’ शैलीसाठी कामी आले. या घटनेचा अर्थ केवळ फॅशनची ओढ असा लावणे योग्य ठरणार नाही. सहा-सात वर्षे ज्यांनी प्रत्येक वार मोजला, त्यांनी मोजणे नाकारल्याची ती खूण होती. त्याच वर्षी २० नोव्हेंबर रोजी राजकन्या एलिझाबेथ यांचा विवाह झाला. त्यांच्या पोशाखासाठी देशभरातील स्त्रियांनी स्वतःची कूपने पाठविली. ती दुसऱ्याला देणे बेकायदेशीर असल्याने परत करावी लागली. एकाच काळातील या दोन घटना स्त्रियांच्या मनातील साधेपणाचा कंटाळा आणि सुंदर वस्त्राविषयीची आस या दोहोंची साक्ष देतात. अखेर हॅरॉल्ड विल्सन अध्यक्ष असताना १५ मार्च १९४९ रोजी वस्त्रनियंत्रण संपुष्टात आले.

काय जतन झाले, काय नाही

घरगुती शिवणकामाच्या इतिहासाला साधनांची एक मूलभूत मर्यादा आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला १९४२ मध्येच बोर्ड ऑफ ट्रेडकडून युटिलिटी योजनेतील वेशरचनाकारांचे नमुने मिळाले. ते अंगावर न घातलेले, निष्कलंक आहेत. लग्नाचे पोशाखही कुटुंबांनी जपून ठेवले. याउलट तीनदा उलटवलेला कोट, दोनदा उसवून विणलेला जंपर आणि मधोमध जोडलेली चादर वापरून वापरून संपली. शेवटी त्यांची फरशी पुसण्याची चिंधी झाली किंवा ती चिंध्या गोळा करण्याच्या मोहिमेत गेली. दुरुस्ती जितकी यशस्वी, तितका वस्तूचा मागमूस कमी, असा हा विचित्र न्याय आहे.

त्यामुळे आज संग्रहालयांत आणि हौशी संग्राहकांकडे जे दिसते ते त्या काळाचे निवडक आणि बरेचसे सणासुदीचे रूप आहे. जुन्या नमुन्यावरून आज कोणी जंपर विणते तेव्हा तिच्या हाती कूपनांची मर्यादा नसलेली लोकर आणि स्वेच्छेने काढलेला वेळ असतो. तो छंद निरर्थक नाही. उलट, एका जंपरला किती संध्याकाळी लागतात हे स्वतःच्या हातांनी अनुभवल्यावर छापील नमुन्यात न लिहिलेला त्या काळचा खर्च कळू लागतो. इतिहासाच्या अभ्यासकाला ही हस्तकला, या अर्थाने, एक पूरक साधन ठरू शकते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, ब्रिटनमधील वस्त्रनियंत्रणाचे यश केवळ प्रशासनाच्या काटेकोरपणाचे नव्हते. ते स्त्रियांच्या कौशल्यावर आणि त्यांच्या न मोजलेल्या वेळेवर उभे होते. शासनाने त्या कौशल्याला प्रतिष्ठा दिली, परंतु त्याला श्रम मानले नाही. कूपनांचे वाटप समान होते. पण आधीची संपत्ती, कापडाचा दर्जा आणि हाताशी असलेला वेळ या तीन बाबतींत कुटुंबे असमान होती. त्याच वेळी घरच्या सुईने स्त्रियांना स्वतःची आवड जपण्याचे आणि १९४७ मध्ये शासनाचा उपदेश नाकारण्याचेही साधन पुरविले.

आज पर्यावरणाच्या प्रश्नामुळे कपडे दुरुस्त करून वापरण्याचा विचार पुन्हा मांडला जात आहे. त्या वेळी चाळीसच्या दशकाचे उदाहरण हमखास दिले जाते. ते देताना एक प्रश्न सोबत विचारणे अगत्याचे आहे : दुरुस्ती करावी हे मान्य, पण ती संध्याकाळी बसून कोणी करावयाची? अर्थव्यवस्थेच्या आणि वस्त्राच्या इतिहासात या प्रश्नाला स्थान मिळाले, तर शिवणाची पेटीही कारखान्याइतकेच महत्त्वाचे ऐतिहासिक साधन असल्याचे मान्य करावे लागेल.